मामांचा आवाज आणि २९ मिलिसेकंद

“ह्यो तेंचो आवाज न्हय गो बाय. कोणतरी कळशेत तोंड घालून बोलल्यासारखो वाटता.”

मामांच्या जुन्या दशावतारी प्रयोगातल्या आवाजाची फाईल ऐकून मामी एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन उठून गेली. या प्रकरणातलं सगळ्यांत अचूक निदान तिनेच त्या एका वाक्यात करून टाकलं होतं. ते मला नीट कळायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे इथे लिहून ठेवते आहे, कारण जुन्या सीडी-डीव्हीडी आपल्याकडे घरोघरी आहेत. दरवर्षीच्या पावसाळ्यात त्यातल्या काही जातात, आणि ज्या वाचतात त्यांतला आवाज काढताना आपण बहुतेक सगळे एकाच जागी चुकतो.

मोठे मामा दशावतारी होते. कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यातल्या एका मंडळात तीसेक वर्षं त्यांनी राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, केली. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं हे ठरतं, कोण कुठली भूमिका करणार हे ठरतं, बाकीचं सगळं बाकड्यासमोर उभं राहिल्यावर तोंडातून येईल तसं. घरात अस्सल मालवणी बोलणारा माणूस तोंडाला रंग लागला की भारदस्त, संस्कृत वळणाच्या मराठीत पंधरा-वीस मिनिटांचं स्वगत सहज म्हणून जातो. यातलं कुणी काही लिहून ठेवत नाही. म्हणून मामा गेल्यावर त्यांच्या रावणाचं जे काही उरलं ते एका डीव्हीडीवर उरलं, २००८ सालच्या जत्रेतल्या. त्यांचा नातू आता सतरा वर्षांचा आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तो पहिल्यांदा रंग लावणार आहे. त्याला आजोबांचे संवाद कानात घालून घ्यायचे होते. कॉलेजला जाता-येता एसटीत, इअरफोन लावून. चित्र नको होतं, नुसता आवाज. “चित्र बघितलं की हातवारेच बघत बसतो, शब्द राहतात,” तो म्हणाला. मला ते पटलं.

हाताशी तीन गोष्टी होत्या. ती डीव्हीडी, लोखंडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात सतरा पावसाळे काढलेली. दुसरी, व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली एमपी४ फाईल. कधीतरी कुणीतरी त्याच डीव्हीडीवरून केलेली. आणि तिसरी, प्रेक्षकांत बसलेल्या एका नातेवाइकाच्या तेव्हाच्या साध्या मोबाईलवरची तीन मिनिटांची ३जीपी क्लिप.

मामेभावाने अर्थातच सगळ्यांत सोयीची फाईल घेतली, व्हॉट्सअॅपवरची. ती एका ऑनलाईन कन्व्हर्टरमध्ये टाकून एमपी३ केली. आवाज घुमतोय आणि मागे जत्रेचा गलका आहे असं वाटलं, म्हणून फोनमधल्या एका अॅपने ‘नॉइज’ काढला. गलका कमी झाला, पण मामांचा आवाजही विरघळल्यासारखा झाला. तेच मामीने ऐकलं.

माझी पहिली समजूतही त्याच्यासारखीच होती. गोंगाट फार आहे, तो जरा हलक्या हाताने, चांगल्या सॉफ्टवेअरने काढला की झालं. फरक इतकाच की मी ती फाईल आधी उघडून आत काय आहे ते बघितलं. एफएफएमपेग हा आवाज-चित्राच्या फाईलींवर काम करणारा मोफत प्रोग्राम. त्याच्याबरोबर एफएफप्रोब नावाचा छोटा प्रोग्राम येतो. त्याला फाईल दिली की आत कुठला व्हिडिओ, कुठला ऑडिओ, किती चॅनेल, किती बिटरेट (सेकंदाला किती माहिती) हे तो सांगतो. ज्याला हे टाईप करायचा कंटाळा असेल त्याने व्हीएलसी प्लेयरमध्ये फाईल लावून ‘कोडेक इन्फर्मेशन’ बघावं, तिथेही बहुतेक सगळं दिसतं. व्हॉट्सअॅपच्या फाईलने सांगितलं: एएसी (आवाज दाबून साठवायची एक पद्धत), मोनो. एकच चॅनेल.

मोनो असणं हा गुन्हा नाही. एका माणसाच्या बोलण्याला मोनो पुरतं. पण मूळ डीव्हीडीवरचा आवाज जर स्टिरिओ असेल, तर मधल्या कुणीतरी डावा आणि उजवा एकत्र ओतून एक केला आहे, आणि एकदा ओतलेलं पुन्हा वेगळं होत नाही. तेव्हा डीव्हीडीच बघायला हवी होती.

डीव्हीडीवर कडेला पांढुरक्या बुरशीची नक्षी उमटली होती. कोकणात राहणाऱ्याला ती ओळखीची असते, कॅमेऱ्याच्या लेन्सवर, फोटोंच्या अल्बमवर, ऑडिओ कॅसेटवर सगळीकडे तीच. साबणाचं कोमट पाणी, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसायचं नाही. डीव्हीडीवरची माहिती गोलाकार वाटेने लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या वाटेला थोडासाच छेदतो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तो भरून काढते. वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र एकसलग मोठा तुकडा घेऊन जातो.

तरीही नेहमीच्या कॉपी-पेस्टने तिसऱ्या व्हीओबीवर संगणक अडकून बसला. डीव्हीडीत व्हिडिओ १ जीबीपर्यंतच्या व्हीओबी तुकड्यांत ठेवलेला असतो. आमच्या डिस्कवर असे पाच तुकडे होते आणि मामांची मुख्य एंट्री नेमकी तिसऱ्याच्या मध्यावर. मग पेनड्राइव्हवरून उबुंटू ही लिनक्स प्रणाली चालू करून डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम वाचता न येणाऱ्या जागी डोकं आपटत बसत नाही. तो आधी सगळं चांगलं चांगलं उचलून घेतो, वाईट जागांची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतो, आणि मग त्या जागांवर सावकाश परत येतो. आमच्याकडे त्याचा आणखी एक मोठा फायदा झाला. श्रावणातली रात्र होती आणि वीज तीनदा गेली. दर वेळी तीच मॅप फाईल देऊन काम होतं तिथून पुढे सुरू करता आलं. लॅपटॉपच्या ड्राइव्हने जे वाचलं नाही त्यातलं बरंचसं शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या डीव्हीडी रायटरने वाचलं. प्रत्येक ड्राइव्हची नजर थोडी वेगळी असते, म्हणून हरलो असं म्हणण्याआधी दुसरा ड्राइव्ह लावून बघावाच. शेवटी अडीचेक एमबी वाचता आलं नाही. त्या डिस्कच्या वेगाने तो सुमारे चार सेकंदांचा तुकडा. त्याचं पुढे सांगते.

आता आवाज बाहेर काढण्याचं काम. एफएफप्रोबने इथे वेगळीच हकीकत सांगितली: एसी३ (डीव्हीडीवर आवाज साठवायची पद्धत), ४८,००० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने, दोन चॅनेल, सेकंदाला १९२ किलोबिट. म्हणजे मूळ खरोखरच स्टिरिओ होतं.

ऑडिओ ‘काढणं’ आणि ऑडिओ ‘बदलणं’ ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक कन्व्हर्टर ती दोन्ही एकदम करतात. व्हिडिओ फाईल हा एक डबा आहे. त्यात चित्राचा एक कप्पा, आवाजाचा एक. आवाजाचा कप्पा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवला तर त्यातला एक बिटही बदलत नाही. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी चित्र वगळायचा ‘व्हीएन’ हा पर्याय आणि ऑडिओ कोडेकच्या जागी ‘कॉपी’ हा शब्द, एवढंच द्यावं लागतं. मामांचा भाग चाळीस मिनिटांचा. त्याची एसी३ फाईल सुमारे ५८ एमबीची झाली, आणि लागला तो वेळ चहाचं आधण येईपर्यंतचाही नव्हता, कारण संगणकाला काही शिजवायचंच नव्हतं. नुसतं उचलून ठेवायचं होतं.

याउलट एसी३ चं थेट एमपी३ केलं असतं तर आधीच गाळलेला आवाज पुन्हा गाळला गेला असता. एसी३, एएसी, एमपी३ या सगळ्या पद्धती कानाला सहसा लागणार नाही असं काहीतरी टाकून देऊन जागा वाचवतात. एकदा टाकलेलं चालून जातं. तीन-चार वेळा वेगवेगळ्या पद्धतींनी टाकलं की ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते आणि झांज पत्र्यासारखी वाजायला लागते. मामेभावाच्या फाईलमध्ये ही गाळणी निदान तीनदा लागली होती. नव्याने कुणी हे काम करणार असेल तर फाईलचं शेपूटही, म्हणजे नावातलं टिंबानंतरचं, बघून ठेवावं: कॉपी करताना एसी३ ला एसी३ च नाव हवं, फोनच्या एमपी४ मधल्या एएसीला एम४ए. एएसी कॉपी करून नावापुढे एमपी३ लिहिलं तर एफएफएमपेग चूक दाखवून थांबतो, आणि लोक मग वैतागून कन्व्हर्टरकडे वळतात.

ती एसी३ फाईल मी दोन जागी ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. संपादनासाठी तिच्यावरून वेगळी डब्ल्यूएव्ही, म्हणजे आणखी काही न गाळणारी फाईल, केली, ४८,००० हर्ट्झवरच. ४४,१०० वर आणायची सवय सीडीच्या काळापासून आपल्याला लागली आहे, इथे तिचं काही काम नव्हतं. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. एसी३ मध्ये घरगुती टीव्हीसाठी आवाजाची चढ-उतार दाबण्याच्या सूचना लिहिलेल्या असू शकतात, आणि एफएफएमपेग आपण काही सांगितलं नाही तर त्या पाळतो. ‘डीआरसी स्केल’ शून्य ठेवलं की तो त्या पाळत नाही. रावणाची कुजबुज आणि रावणाची आरोळी यांतलं अंतर टीव्हीच्या सोयीसाठी कमी व्हावं हे मला नको होतं.

डब्ल्यूएव्ही ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडली, स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो केले, आणि डावा एकटा ऐकला.

मामा होते. समोर उभे असल्यासारखे. “कोण आहे रे तिकडे” म्हणतानाचा त्यांचा तो ‘रे’, शेवटी किंचित खाली सोडलेला. मी हेडफोन काढून ठेवले आणि थोडा वेळ व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मग उजवा एकटा ऐकला. तिथे जत्रा होती. पोरं, चणेवाल्याची हाक, जनरेटर, वारा, आणि लांबून कर्ण्यातून आल्यासारखे मामा. पेटी आणि मृदंग मात्र डाव्यापेक्षा इथे कितीतरी स्पष्ट.

म्हणजे दोन्ही चॅनेल दोन वेगळ्या ठिकाणांहून आले होते. ज्या माईकवाल्यांनी त्या जत्रेला माईक लावले होते ते अजून धंद्यात आहेत. त्यांना फोन केला. त्यांना ती रात्र आठवत नव्हती, पण पद्धत आठवत होती. रंगमंचावर वर लटकवलेले माईक एका अॅम्प्लिफायरवर, पेटी-मृदंगाचा माईक दुसऱ्यावर. शूटिंगवाला पहिल्या अॅम्प्लिफायरवरून एक वायर मागून घ्यायचा आणि कॅमेऱ्याच्या एका चॅनेलला लावायचा; दुसरा चॅनेल कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवर. “तेवडा केला की तो बिनघोर,” ते म्हणाले. शूटिंगवाल्याने काम चोख केलं होतं. दोन चॅनेलवर दोन गोष्टी जपून ठेवल्या होत्या. त्या एकत्र ओतणारा नंतर आला.

आणि इथे मामीची कळशी कुठून आली ते कळलं. वायरमधून आलेला आवाज कॅमेऱ्यात तत्क्षणी पोचतो. तोच आवाज कर्ण्यातून निघून हवेतून कॅमेऱ्याच्या माईकपर्यंत चालत येतो. आपल्याकडच्या दमट, उबदार रात्री ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. दहा मीटरला २९ मिलिसेकंद लागतात. दोन्ही एकत्र ओतले की प्रत्येक शब्द दोनदा पडतो, २९ मिलिसेकंदांच्या अंतराने. एवढ्या कमी अंतराचा दुसरा उच्चार कान वेगळा ऐकत नाही. प्रतिध्वनी म्हणावा इतका तो लांब नसतो. दोन्ही मिळून एकच आवाज ऐकू येतो, पण त्यातल्या उंच-खालच्या सुरांच्या काही पट्ट्या एकमेकींना मारतात आणि काही एकमेकींना चढवतात, आणि आवाज पोकळ होतो. कळशीत तोंड घालून बोलल्यासारखा. जत्रेच्या गलक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नॉइज काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर तो काढू शकलं नसतं, कारण तो नॉइज नव्हताच. तो मामांचाच आवाज होता, उशिरा आलेला.

मला वाटलं काम संपलं. उजवा टाकायचा, डावा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी डाव्या चॅनेलचा तुकडा मामीला ऐकवला. ती ऐकताना आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला, आणि मग अचानक विचारलं, “आणि पेटी खंय गेली?”

मी म्हटलं, पेटी दुसऱ्या बाजूला आहे, ती काढून टाकली, शब्द स्वच्छ येतात.

“पेटीवाल्यान सूर दिल्याबिगर ते तोंड उघडी नसत. पोरग्याक कसा कळतला खंय सुरू करूचा ता?”

नातवानेही मान हलवली. त्याचं म्हणणं असं की स्वगताच्या आधी पायपेटीवर जो सूर धरला जातो त्यावरून बोलण्याची पट्टी ठरते, आणि मध्ये मध्ये मृदंगाची थाप पडते तिथे थांबायचं असतं. ते थांबणंच त्याला शिकायचं होतं. मी गोंगाट म्हणून बाजूला ठेवलेल्या चॅनेलमध्ये त्याचा अर्धा अभ्यास होता.

मग उजवा परत आणला. दोन्ही एकत्र वाजवायचे तर उजव्याला पुढे ओढून डाव्याच्या रेषेत आणायला हवं. ऑडॅसिटीत लाटा पुरेशा मोठ्या करून बघितल्या की हे डोळ्यांनी मोजता येतं. मी झांजेचा ठोका निवडला, कारण त्याचं टोक लाटेत सुईसारखं उभं दिसतं. दोन्ही ट्रॅकमधलं अंतर आलं ४१ मिलिसेकंद. उजवा तेवढा आधी सरकवला. वाजवलं, तर पोकळपणा कमी झाला पण गेला नाही.

यात दोन संध्याकाळी गेल्या. ४० केले, ४२ केले, ३८ केले. मग मामांच्या एका ‘ख’वर मोजलं, ‘खड्ग’ शब्दातल्या, कारण त्या ‘ख’च्या आधी स्वच्छ शांतता होती. तिथे अंतर २९ निघालं. एकाच कॅमेऱ्याच्या त्याच दोन चॅनेलमध्ये झांजेला ४१ आणि आवाजाला २९ कसे?

कागदावर मंडप काढल्यावर सुटलं. झांजवाला माईकपासून दूर बसलेला, त्यामुळे झांज बहुतांशी हवेतूनच कॅमेऱ्यापर्यंत आली, रंगमंचापासून थेट. ४१ मिलिसेकंद म्हणजे चौदा मीटर, कॅमेरा रंगमंचापासून तेवढा लांब. मामांचा आवाज मात्र वायरने कर्ण्यापर्यंत गेला आणि कर्ण्यापासून पुढे हवेतून आला. कर्णा प्रेक्षकांच्या बाजूला पुढे काढलेला, कॅमेऱ्यापासून दहा मीटरवर. दोघांनाही एकाच सरकवण्यात रेषेत आणणं शक्यच नव्हतं, आणि तशी गरजही नव्हती. डाव्या चॅनेलमध्ये झांज नावालाच होती, ती थोडी मागेपुढे झाली तर कुणाला कळणार नव्हतं. मामांचा आवाज मात्र दोन्हीकडे होता. तेव्हा सरकवायचं ते आवाजाच्या हिशेबाने, २९. तसं केलं आणि पोकळपणा बराचसा गेला. जो उरला तो मंडपातून परत आलेल्या आवाजाचा होता, तो कुठल्याही सरकवण्याने जाणारा नव्हता. दोन्ही चॅनेल एकाच यंत्राने एकाच घड्याळावर नोंदवले असल्यामुळे हे अंतर चाळीस मिनिटं तसंच टिकलं, मध्ये एकदाही पुन्हा जुळवावं लागलं नाही.

त्यानंतर ऑडॅसिटीच्या एन्व्हलप टूलने उजव्याची पातळी हाताने वर-खाली केली. पेटी सूर धरते तिथे उजवा वर, मामांनी तोंड उघडलं की उजवा खाली, मृदंगाच्या थापेला पुन्हा वर. चाळीस मिनिटांना चार तास लागले. हे कुठल्याही आपोआप करणाऱ्या बटणावर सोडावं असं मला वाटलं नाही, कारण थाप कुठे महत्त्वाची आहे ते नातू शेजारी बसून सांगत होता.

आता नॉइजबद्दल, कारण सगळे त्यानेच सुरुवात करतात.

डाव्या चॅनेलमध्ये एक घरघर होती. आपल्याकडे घरातल्या विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, १०० वर, १५० वर बसते, आणि नेमकी एकच बारीक पट्टी कापणाऱ्या अरुंद नॉच फिल्टरने ती काढता येते. इथे ते चाललं नाही. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या पट्ट्यांचं चित्र, बघितला तर ती रेघ सरळ नव्हती, हळूहळू नागमोडी जात होती. जनरेटर! कुणी आणखी एक हॅलोजन पेटवला की भार वाढून त्याचा वेग पडतो, रेघ खाली येते. विझवला की वर जाते. हलणाऱ्या रेघेला अरुंद नॉच पुरत नाही. मग ८० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवणारा हाय-पास फिल्टर लावला, पण फक्त बोलण्याच्या भागांवर. मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा ‘धुम्’ त्याच पट्ट्यात असतो, आणि तो कापला की मृदंग डब्यासारखा वाजतो. पदांच्या भागात घरघर तशीच राहू दिली. पदं चालू असताना ती लक्षातही येत नाही.

नॉइज रिडक्शनला आधी नमुना द्यावा लागतो, म्हणजे ज्यात नुसता नॉइज आहे असा तुकडा. मामा प्रवेश करण्याआधीचे दीड सेकंद मी दिले. मी १२ डेसिबलपासून सुरुवात केली. १२ वर मामांच्या आवाजाभोवती पाण्याचे बुडबुडे फुटल्यासारखे आवाज यायला लागले. या फिल्टरमध्ये ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे, जुन्या आवृत्त्यांत त्याला ‘आयसोलेट’ म्हणत. त्यावर टिचकी दिली की आवाज साफ होऊन काय उरतं ते न वाजता, काय टाकलं जाणार आहे ते वाजतं. हा पर्याय फारच कमी लोक वापरतात, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी तोच वापरायला हवा. १२ डेसिबलवर टाकाऊत मला काय ऐकू आलं? घरघर, गलका, आणि त्यात अगदी पुसट पण ओळखू येणारे मामांचे ‘स’ आणि ‘श’. ‘शंकर’ मधला ‘श’ फेकला जात होता. ९ वर तो कमी झाला. ६ वर टाकाऊत शब्दांचा मागमूस राहिला नाही, तिथे थांबले. गलका अजून ऐकू येतो. जत्रेतल्या दशावतारामागे जत्रा ऐकू आली तर त्यात बिघडलं काय?

दोन-तीन आरोळ्यांना लाटेची टोकं सपाट झाली होती, तेव्हाच माईकवाल्याची पातळी वर गेलेली. क्लिप फिक्सने ती थोडी गोल झाली. फाटलेपणा पूर्ण जात नाही, आणि आणखी खटपट करण्यासारखं तिथे काही नव्हतं. शेवटी एकूण पातळी सर्वांत उंच टोक शून्याच्या, म्हणजे वरच्या हद्दीच्या, एक डेसिबल खाली येईल इतकी वाढवली. आवाजाची चढ-उतार दाबणारा कॉम्प्रेसर लावला नाही.

राहिला तो चार सेकंदांचा खड्डा. तो एका स्वगताच्या मध्यात होता, वाक्य अर्धं तुटत होतं. नेमका तो भाग मोबाईलच्या क्लिपमध्ये होता. ३जीपी मधला आवाज एएमआर पद्धतीचा, सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही नाही; जुन्या टेलिफोनवरून बोलल्यासारखा. क्षणभर वाटलं शांतता ठेवावी, खोटं काही नको. पण नातवाला शब्द हवे होते. क्लिपमधला तुकडा बसवला, दोन्ही टोकांना पन्नासेक मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढतो तसा, आणि फाईलबरोबरच्या नोंदीत लिहिलं की २१ व्या मिनिटाला चार सेकंद मोबाईलवरचे आहेत. ऐकताना तिथे आवाज एकदम लांब जातो आणि परत येतो. वाक्य मात्र पूर्ण झालं आहे.

साठवण अशी: अस्पर्श एसी३ आणि डीव्हीडीची पूर्ण प्रतिमा दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे कुडाळला, एक मामेभावाकडे मुंबईला. तयार झालेलं एफएलएसी मध्ये, कारण त्यात काही गाळलं जात नाही. नातवाच्या फोनसाठी १२८ किलोबिटचं मोनो एमपी३, चाळीस मिनिटांचे सुमारे ३८ एमबी. ते व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं, म्हणजे वाटेत त्याला पुन्हा कुणी हात लावत नाही. यूट्यूबवर टाकायचा विषय घरात निघाला होता. त्या रात्री मामांबरोबर मंडळातले आणखी सात-आठ जण उभे होते, आणि आपल्या कायद्यात कलाकारांना त्यांच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. मंडळाला विचारल्याशिवाय टाकायचं नाही असं ठरलं, आणि विचारायला मामेभाऊ चतुर्थीनंतर जाणार आहे.

गेल्या रविवारी मामीकडे सगळं पहिल्यापासून लावलं. पेटीने सूर धरला. मामी पाट ओढून भिंतीला टेकून बसली. मामांचं पहिलं वाक्य आलं तेव्हा ती काही बोलली नाही. २१ व्या मिनिटाला आवाज लांब गेला आणि परत आला, तेव्हाही नाही. स्वगत संपता संपता मृदंगाची थाप पडली, नातू खालच्या आवाजात बरोबर म्हणत होता तो थांबला, आणि मामी म्हणाली, “हयसर ते एक पाय म्हागे घेयत. उठ, करून दाखव.”

तो उठला.